त्रेसष्ट टक्के

पडद्यावर लिहिलं होतं: बंद करू नका.
मी नाही केलं. माशेलच्या विजेनं केलं.
पट्टी त्रेसष्टवर थांबली.
छत्तीसात पाठ फिरवून बसणारे ते दोघे
इथे समोरासमोर, तोंडाला तोंड देऊन,
आणि त्यांच्या मधल्या फटीतून
दुकानभर काळोख.

वीज आली. पंखा फिरला.
बाकी काही नाही.
ना बीप, ना कंपनीचा तो निळा शिक्का.
आत तीन बाराव्याच्या पत्रिका,
देवळाचा अर्धा हिशेब,
कुंभारजुव्याच्या मंडळाच्या नाटकाचा पहिला अंक.
सगळं शाबूत. डिस्कला खरचटलंही नव्हतं.
फक्त उठायचं कसं, हे यंत्र विसरलं होतं.

चालत होतं ना? मग हात कशाला लावलास?
असं विचारणारे बाजारात चौघे भेटले.
उपाय सांगणारा एकच:
दिवाडीला जा. व्हितोरिन.
बोटीवरची वायरिंग सांभाळायचा.

मग टॉवेलात गुंडाळून दोन पायांत पेटी,
आणि स्कूटर फेरीबोटीवर.
शेजारच्यानं विचारलं, कोंबडी काय गे आत?
मी म्हटलं, हो. खुडूक बसली आहे.

व्हितोरिननं चश्म्यावर दुसरा चश्मा चढवला.
बोर्डाच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढी चिप,
आठ पाय, एका कोपऱ्यात ठिपका.
"हा ठिपका म्हणजे उत्तर दिशा. चुकलो तर धूर."
आणि तारांचा चिमटा त्यानं तिच्यावर बसवला,
कुर्ली मागून धरतात तसा.

मला वाटलं, आता नवं भरणार.
तो जुनंच वाचत बसला.
"अर्धमेल्याची आधी जबानी घ्यायची, बाय.
नंबर तिच्यातच असतो.
परक्याचं जसंच्या तसं ओतलं, तर उठेल,
पण परक्याच्या नावानं."

पहिलं वाचन, दुसरं वाचन. जुळेना.
चिमटा काढला, पाय खोडरबरानं पुसले.
तिसरं.
बाहेर खाजणात भरतीचं पाणी
मानशीचं दार लोटून पाहत होतं.
चौथं तिसऱ्याशी जुळलं,
पाचवंही जुळलं,
तेव्हा कुठे त्यानं सगळं पुसून टाकलं.

मी वाकून पाहिलं.
रिकाम्या चिपमध्ये शून्यं असतील असं वाटलेलं.
होते सगळे एक.
एकाला एक लागून, ओळीच्या ओळी.
"कोरं असंच असतं. लिहायचं म्हणजे
त्यांतल्या काहींचं शून्य करायचं."
वीस वर्षं अक्षरं जुळवते मी,
हे कोणी सांगितलं नव्हतं.

लिहून होईपर्यंत त्यानं इन्व्हर्टरला
दोनदा हात लावला,
तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

एक बीप. आखूड.
नेमका फेरीचा भोंगा वाजला त्यातच,
म्हणून मी दोनदा विचारलं, ऐकलंत ना?
निळा शिक्का. मग काळ्यावर पांढरं: तारीख तपासा.
यंत्राच्या लेखी
एक जानेवारी दोन हजार बारा.

व्हितोरिन थांबला.
"त्या दिवशी मी सुएझच्या रांगेत.
एशपेरांसानं एजंटाच्या हाती केक पाठवलेला.
पोचला तेव्हा बुरशी."
भिंतीवरच्या फोटोकडे त्यानं पाहिलं नाही.
मी पाहिलं.
मग बाणाचं बटण दाबत
एकेक वर्ष पुढे ढकललं त्यानं.
आकडा सरळ टाइप करता आला असता.

पैसे घेईना.
शेवटी पत्रिकेचे दोन कागद मागितले,
जाड, कोरे.
कशाला, ते सांगितलं नाही.

परतीच्या बोटीवर पेटी तशीच पायांत.
पहिलं बारावं परवावर आलेलं.
धक्क्याला लागताना इंजिन उलटं फिरतं,
तेव्हा सगळी बोट थरथरते.
मी टॉवेलावर हात ठेवला.