पानाला ऐंशी रुपये

शिवाजीनगर कोर्टाच्या कंपाउंडला लागून माझं टेबल.
एक पाय विटेवर.
पाटी : भाषांतर करून मिळेल.
शेजारी स्टॅम्पवाले दांगट, आणि त्यांचा रेडिओ.

पुष्पलता करडे आल्या मंगळवारी,
पिशवीत नवऱ्याच्या वकिलाचे सात कागद.
"माझ्याबद्दल काय लिहिलंय
ते मला माझ्या भाषेत पाहिजे."
दोनशे ॲडव्हान्स दिले. सुट्टे, मोजून.

चौथ्या पानापर्यंत बरं चाललं.
तारखा, पाटल्या, फ्रीज कुणी घेतला,
दिवाळीत कोण कुणाशी बोललं नाही.
पाचव्यावर, परिच्छेद अकरा :
अर्जदाराची पत्नी ब्रेझन आहे.

पेन थांबलं.

मराठीत मला काय कमी?
निर्लज्ज आहे, निलाजरी आहे,
कोडगी, निगरगट्ट, लाज कोळून प्यालेली,
कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलेली.
एवढ्याशा गोष्टीला इतके शब्द लागावेत,
म्हणजे कुणीतरी फार घाबरलेलं असणार.

डिक्शनरी काढली. वडिलांची, पाठ उसवलेली.
ब्रेझन. मूळ अर्थ : पितळेचा.
आधी भांड्याकुंड्यांचा, घंटेचा शब्द,
पुढे कुणीतरी तो चेहऱ्याला लावला,
जो लाल होत नाही,
ज्याच्याकडे रोखून पाहिलं की तो परत पाहतो.
मग वापरून वापरून पितळ झिजलं
आणि नुसता दोष उरला.
इंग्रजी बोलणाऱ्याला आता त्यात धातू ऐकू येत नाही,
जसं आपण पितळेच्या तांब्याला तांब्याच म्हणतो
आणि खुशाल पाणी पितो.

"अडलं का, काका?"
म्हटलं, "पितळेची म्हणतोय तुम्हाला."

त्या हसल्या. इतक्या मोठ्यानं
की दांगटांनी रेडिओ बारीक केला.
(परिच्छेद बारा : चारचौघांत मोठ्याने हसते.)

"मी तांबट आळीतली. पितळ मला नका सांगू.
तांबं सोसतं हो.
ठोका द्या, देत राहा, वळत जातं बिचारं,
घंगाळ म्हणाल तर घंगाळ.
पितळ दर ठोक्याला कडक होतं.
मधे मधे भट्टीत घालून मऊ करून घ्यावं लागतं,
तेवढी सबुरी असली तर.
नुसतंच बडवत राहिलात
तर एक दिवस तडकतं,
आणि तो आवाज डेंगळे पुलाच्या अलीकडे येतो,
इथपर्यंत."
पिशवीचा बंद ओढला.
"बावीस वर्षं," एवढंच म्हणाल्या पुढे.

डिक्शनरीत हे नव्हतं.
चेहरा पितळेचा आहे एवढं होतं,
ठोके कुणी मोजले नव्हते.

परिच्छेद तेरा : दुकानात बसून गिऱ्हाइकाला स्वतः भाव सांगते.
परिच्छेद चौदा : घडवलेल्या भांड्याच्या बुडाला
सासऱ्यांच्या नावाऐवजी आपलं नाव कोरते.
हे भाषांतराला सोपं होतं.

पण अकरा राहिलाच होता.
शेवटी खाली सही करायची असते मला :
मुळाबरहुकूम, पदरचं काही न घालता.
पितळेची लिहिलं असतं तर
वकिलांनी चहा पिता पिता वाचून दाखवलं असतं एकमेकांना.
मी निर्लज्ज लिहिलं.
अक्षर मात्र चांगलं काढलं. काय उपयोग.

त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचलं.
बोट तिथे थांबलं, पुढे गेलं.
"पितळ बरं होतं," म्हणाल्या.

राहिलेले तीनशे साठ पुढे केले.
मी म्हटलं, पाचव्या पानाचे राहू द्या.
"का? केलंत ना काम?
कामाचे पैसे घ्यावेत माणसानं.
मी मागायला लागले, म्हणून तर इथे आले."

घेतले.
नोटा मोजताना कान तापले होते माझे.
दांगट बघत होते.