भरलं वजा रिकामं

एकोणीस वर्षं मी सिमेंट कंपनीच्या काट्यावर होतो.
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा,
ठरला की मी बटण दाबायचो.
भरलं वजा रिकामं, उरला तो माल.
याच्यापलीकडचं गणित मला कोणी विचारलं नाही.

मग काट्याला कॅमेरे बसले,
ट्रक आपला आपण मोजला जाऊ लागला,
आणि साहेबांनी चहा मागवून
एक कागद माझ्याकडे सरकवला.
वर लिहिलं होतं, 'स्वेच्छेने'.
चहा चांगला होता.

गेटवर हेल्मेट जमा. बूट जमा.
टॉर्च जमा, तिचे सेल वेगळे मोजून.
दवाखान्याचं कार्ड तेवढं कोणी मागितलं नाही.
ते पाकिटात राहिलं: नखाएवढा मी,
नखाएवढी पुष्पकला,
आणि सहावीतल्या वेण्यांची पोरगी,
जी आता नागपूरला कॉलेजात आहे.
आठ दिवसांनी मेडिकलवाल्यानं सांगितलं,
हे कार्ड त्याच दिवशी मेलं, काका.

गडचांदूरला, खताच्या दुकानावर, आसुटकरचं ऑफिस.
जिन्यात युरियाचा वास.
तो म्हणाला, तीस दिवसांच्या आत घ्या,
मागची वर्षं धरली जातात.
खंड पडला
तर वहिनींची शुगर, वहिनींचा थायरॉइड,
सगळं पुन्हा रांगेत. तीन वर्षं.
आणि आकडा?
त्रेचाळीस हजार सहाशे.
पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला तीनशे बारा कापलेले दिसायचे,
मी त्यावरही कुरकुरायचो.
बाकीचं कोण भरत होतं
ते चिठ्ठीत नव्हतं.

इतके कसे, मी विचारलं.
वहिनींना एक जूनला सेहेचाळीस लागलं, तो म्हणाला,
टप्पा बदलला. सहा हजार तिथंच वाढले.
आज नऊ तारीख.

पुष्पकला हसली.
"मी त तान्ह्या पोळ्याची हावो न भाऊ.
माय सांगे, पोट्टे नंदी घेऊन दारात उभे होते
तवा मी झाली.
एक जून त बोधे गुरुजीनं लिवली,
अर्ध्या वर्गाले एकच."
"वहिनी, कंप्युटरले पोळा समजत नाही."

म्हणजे तिच्या मायच्या हिशेबानं
अजून अडीच महिने ती पंचेचाळीसचीच.
अडीच महिन्यांचे सहा हजार.
गुरुजी वारले, नाहीतर मी गेलो असतो भांडायला.

पंखा फिरत होता. ती पदरानं मान पुसत म्हणाली,
भाजीवाल्याला पारड्यातून एक वांगं काढायला सांगावं तशी,
"माहं नाव काढून पाहा बरं. किती होते?"

त्यानं काढलं.
एकवीस हजार.

मी आकड्याकडे पाहिलं, सवयीनं.
थरथरत नव्हता. ठरलेला होता.
डोक्यात वजाबाकी होऊनसुद्धा गेली,
बावीस हजार सहाशे,
आणि माझा अंगठा
टेबलाच्या कडेवर बटण शोधत होता.

"परत टाका," मी म्हणालो.
"अहो, पण..."
"परत टाका म्हटलं न."
आसुटकरनं नाव विचारलं, नीट, आधार कार्डावर आहे तसं.
तिनंच सांगितलं, पहिलीतल्या पोरीसारखं, सुटं सुटं:
पु. अर्धा ष. प.
क.
ला.

मोटारसायकल विकली.
बाजाराला आता काळीपिवळीनं जातो,
ती आत बसते, मी मागं लटकतो.
पुढच्या जूनचं पुढच्या जूनला.
पाकिटात नवं कार्ड, जुनं काढलेलं नाही,
पोरीच्या वेण्या आहेत त्यात.

काल जेवत होतो. दोन वाजले
आणि खाणीत बार उडाला, रोजच्यासारखा.
पत्रे वाजले, फळीवरचे डबे सरकले.
पुष्पकला मला तुरीचं वरण वाढत होती.
मान न वळवता
तिनं डावा हात मागं नेला
आणि काचेचा गिलास
पडायच्या आधी धरला.