यूमा काउंटीतली भगर

टेबलावर चार फोटो, विमानातून काढलेले.
अडतीस सालचा: नुसती धूळ, कुंपणं बुडालेली.
सत्तावनचा: एक पट्टा गव्हाचा, एक पडीक,
सतरंजी झटकून अंथरावी तसा.
एक्क्याऐंशीत वर्तुळं उगवली,
फिरत्या नळाखाली मका,
आणि भगर सरकली
वर्तुळाने चौकोनात सोडून दिलेल्या
कोपऱ्यांत.

चौथा या ऑगस्टचा. वर्तुळं फिकी.
पाणी खोल गेलं, म्हणतो ऑर्व्हिल श्लेगल.
फोटोवर त्याचं मातकट नख:
"इथे आजोबांची भगर होती. आता परत माझी."
मी रकान्यात मका खोडते.

"पाखरांचं खाणं हे," तो सांगतो,
"पिशव्या भरून शहरात जातं.
तुमच्याकडे कोण खातं?"
"उपास असलेली माणसं."
तो बराच वेळ हसतो. मग थांबून,
"उपासाला खातात?"

आईला हे विचारायचं राहूनच गेलं.

बाहेर येते. मुठीत चार दाणे, टोकदार, गार.
लोंब्या सगळ्या उत्तरेकडे वाकलेल्या,
दक्षिण वाऱ्याच्या जुन्या सवयीने.
चारही फोटोंत
वारा कुठेच आलेला नाही.