स्थळ

बॅलार्ड पिअरला, तिसऱ्या मजल्यावर,
मी अकरा वर्षं एका बेटाची इतिवृत्तं टाइप केली.
बेट कसलं, नकाशावर माशी बसली
तर झाकलं जाईल एवढं.
तिथे आमच्या अशिलाची कंपनी राहायची,
म्हणजे एक टपालपेटी, तिला नंबर,
आणि त्याच पाटीखाली आणखी नऊशे बिऱ्हाडं.

पहिल्या ओळी बोटांना पाठ होत्या.
वेळ : सकाळी अकरा. स्थळ : ते बेट.
गणपूर्ती झाल्याने सभेस सुरुवात.
नफा बेटावरच ठेवण्याचा ठराव
श्री. अश्विन वेद यांनी मांडला,
त्यांच्या मेहुण्यांनी अनुमोदन दिलं,
आणि मी वही घेऊन केबिनच्या दाराशी उभी,
आत दोघेही, पंखा तीनवर,
मेहुणे चहात खारी बुडवत होते.

नौशीर साहेब मनाने वाईट नव्हते, हे लिहून ठेवते.
उमेदवारीला आलेल्या पोरांना सांगायचे,
“कायद्याने दार ठेवलंय ना, मग खुशाल जा त्यातून.
कोणी चोर म्हणणार नाय.
पण भिंतीवर दार रंगवायचं
नि त्यातून गेलो म्हणायचं, ते नाय चालणार, डिकरा.”
पोरं वहीत उतरवून घ्यायची.
शेठ आले की साहेब चष्मा पुसत बसायचे, बराच वेळ.

रंगाचा वास मला येत होता का?
येत असावा.
पण गोरेगावच्या खोलीचा हप्ता होता,
आणि माझा कर तर पगार हातात पडायच्या आधीच कापलेला,
मला विचारलंय कोणी कधी.
मला कुठलं बेट.

इंगवले मॅडम आल्या त्या दिवशी लिफ्ट बंद होती.
जिने चढून, फायली टेबलावर टाकून
आधी त्यांनी पाणी मागितलं.
मग विचारलं, “कंपनीचं डोकं कुठे असतं?”
साहेब म्हणाले, बेटावर. कागद आहेत.
“कागद बेटावरचे आहेत. मी डोकं विचारतेय.
कायदाही तेच विचारतो,
ठरवलं कुठे बसून? ठरवलं कोणी?”

शेठच्या पासपोर्टात दुबई होती, लंडन दोनदा,
बेटाचा शिक्का नव्हता.
फोनवरून हजर होते, साहेब म्हणाले.
“बरं. मग तिकडे फोन उचलला कोणी?”

त्यानंतर त्यांनी किरकोळ खर्चाची फाइल मागितली.
ती मीच ठेवते.
साहेबांचीच शिस्त, पावतीशिवाय रुपया नाही.
यादवची चहाची बिलं, महिन्यामहिन्याची, टाचणी लावलेली,
त्यांवर माझं अक्षर, निळं, सरळ :
१४ ऑगस्ट, शेठची मीटिंग, चहा पाच, खारी दोन प्लेट.
१४ नोव्हेंबर, मीटिंग, चहा सहा, त्यात एक बिनसाखरेचा.
मॅडम एका हाताने इतिवृत्तं उलटत होत्या,
दुसऱ्या हाताने चहा.
साहेब माझ्याकडे बघतील म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.
गोदीतली क्रेन एक कंटेनर उचलून
तसाच धरून उभी होती.

माझा जबाब शेवटी. चार पानं, मराठीत.
खरं सांगितलं का?
विचारलं तेवढं सांगितलं,
आणि एक गोष्ट न विचारता : खारी ताजी असायची.
मॅडमनी ती लिहिली नाही.
खाली सही, हेमांगी दत्ताराम धुरू, तारीख,
आणि स्थळ, पुढे रिकामी जागा.
बोटं सवयीने बेटाच्या पहिल्या अक्षराकडे निघाली होती.
थांबवली.
मुंबई लिहिलं. अनुस्वार जरा मोठा पडला.

खाली यादव किटली विसळत होता.
ताई, म्हणाला,
ह्या महिन्याचं बिल कोणाच्या नावानं करू?