दर टिपणारी

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी निघते,
सांख्यिकी खात्याची निळी वही काखेत
आणि पेन्सिल, कारण उणे अठरात शाई दगा देते.
रेझेक्ने गावात मला सगळे ओळखतात.
ही बाई सगळ्याचा भाव विचारते,
घेत मात्र काहीच नाही.

राईचा काळा पाव, सातशे ग्रॅम.
केफिर, एक लिटर.
धुरावलेल्या स्प्रॅट माशांचा डबा.
बर्चचं सरपण, फोडलेलं, घरपोच.
पुरुषांचे केस कापणे, साधे, न धुता.
रीगाचे साहेब याला देशाची टोपली म्हणतात.
वेत नाही, कडी नाही,
तरी संध्याकाळी खांदा दुखतो.

त्या हिवाळ्यात बाहेरून पाहुणे आले होते,
चांगल्या लोकरीचे कोट घातलेले.
म्हणाले, चलन उतरवायचं नसेल
तर माणसं उतरवा.
नाही, असं नाही म्हणाले. मी तसं ऐकलं.
ते म्हणाले, अंतर्गत अवमूल्यन.
टीव्हीवरचा मंत्रीही समजावत होता,
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
ते आम्हालाही ठाऊक होतं हो,
पण रात्रीतून कुणी अंथरूणच कातरून नेलं
तर पाय कुठे ठेवायचे, खांद्यावर?

वेनेरांदाच्या दुकानात केस कापायला
ऑक्टोबरात पाच लात्स,
डिसेंबरात चार.
फेब्रुवारीत ती म्हणाली, "साडेतीन लिही.
आणि हेही लिही की गरम पाणी बंद केलंय."
त्याला रकाना नव्हता.
माझा पगार पाचव्या हिश्श्यानं कापला,
त्यालाही माझ्या वहीत रकाना नव्हता.
तो दुसऱ्या खात्याचा विषय.

स्वस्ताई मोजायला गेलं की भीती वाटते.
दहा वर्षं मी महागाईच्या मागे धावले,
तेव्हा निदान ती पुढे असायची.

दोनात्स चांभाराचं दार मार्चमध्ये बंद.
एप्रिलमध्येही बंद. काचेवर चिठ्ठी, लीड्सचा पत्ता,
कुणाचे बूट राहिले असतील तर बहिणीकडे मागा.
नियम असा: वस्तू दोन महिने मिळाली नाही
तर बदली वस्तू शोधा,
शक्यतो त्याच प्रतीची, शक्यतो त्याच रस्त्यावर.
मी बसथांब्यापाशी दुसरा चांभार शोधला.
तो तळवे खिळ्यांनी ठोकतो, शिवत नाही.
शेऱ्यात लिहिलं: प्रत समान.
आयुष्यात सरकारशी एवढंच खोटं बोलले.

सोल्विता आयर्लंडला आळंबी खुडते,
कपाळावर दिवा बांधून, अंधाऱ्या शेडमध्ये.
फोनवर विचारते, "आई, काळा पाव काय भाव?"
मी न बघता सांगते, सांतीमपर्यंत.
ती म्हणते, "बापरे, स्वस्त!"
मग थोडा वेळ दोघी गप्प,
तो वेळही मिनिटाच्या दराने कापला जातो.
तिच्या जागी कोण,
त्याच प्रतीचं, त्याच रस्त्यावर,
हे नियमपुस्तकात नाही. मी पाहिलंय.

पुढे युरो आला. आम्ही जुनी नाणी मोजून दिली.
एक लात्सच्या नाण्यावर उडी मारणारा सॅमन होता.
सॅमन आपल्या नदीत परत येतो म्हणतात.
असेल. मी मासे टिपते ते डब्यातले.

आता रीगाच्या कचेरीत भिंतीवर आलेख आहे,
कोपरात दुमडलेल्या हातासारखा, मग वर.
नव्या पोरीला साहेब तो हात दाखवतात.
ती विचारते, खाली गेला तेव्हा काय झालं होतं?
साहेब म्हणतात, समायोजन.

परवा वेनेरांदानं माझे केस कापले,
मानेवरची लव ब्रशनं झटकली, पैसे घेतले नाहीत.
मी सवयीनं वही उघडली.
"काय लिहू? शून्य?
शून्य संगणक घेत नाही, चूक म्हणतो."
"मग रिकामं सोड," ती म्हणाली
आणि कात्री कपाटात ठेवायला वळली.
पाणी आता गरम येतं. तेही विचारायचं राहिलं,
कधीपासून.