सहा मीटर

पिंपळधऱ्याच्या शाळेत खिडक्यांवर घोंगडी टाकली,
दोरीनं सहा मीटर मोजले, पेटी उघडली.

देवकाबाईंना धुऱ्यापलीकडची रोही दिसते,
तुरीच्या डाळीतला खडा मात्र दातालाच कळतो.
"हात पुरत नाई आता," म्हणाल्या.
बाई, वय डोळ्याचं झालं. हाताचं नाही.
अधिक दोन.

झिबल उईके, लाइनमन. खांब स्वच्छ,
आडव्या तारा पुसट, एकीच्या दोन.
बुबूळ चेंडूसारखं नाही त्याचं,
चमच्याच्या पाठीसारखं आहे जरा.
"मंग इतके दिवस मी कोनती तार धरत होतो?"
मी काच फिरवत राहिलो.

शेवटी विशाखा गेडाम, सहावी.
हजेरीवर शेरा: शेजारणीचं पाहून लिहिते.
डोळा लांबट. चित्र पडद्याआधीच थांबतं,
थकला बैल गोठ्याच्या दारातच बसावा तसं.
उणे सव्वादोन घातले.
नाकावर चाचणीची जड चौकट सावरत
तिनं तक्ता वाचलाच नाही,
मागं उभ्या मास्तरांकडं बघत राहिली:
"सर, तुमी हासता बी?"

मास्तर फळ्याकडं वळले.
फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.