तिथीची पाऊणपट

दिवाळ्याच्या जेटीवर मासळीचा ओटा धुऊन झाला
की त्याच्यावर उघडतो
सारंगाच्या परीक्षेचं पुस्तक.
पानांना बोयटांचा वास लागलाय.
चैताली, भावाची धाकटी, प्रश्न विचारते;
अकरावीत आहे, दयामाया नाही.

"डाव्या अंगाला कुठला दिवा?"
लाल.
"समोरासमोर दोन बोटी?"
दोघींनी उजवीकडे सरायचं.
"शंका आली तर?"
भोंग्याचे पाच आखूड आवाज. निदान पाच.

भरतीची वेळ मी तिथीवरून काढली:
पाच पाऊणे पावणेचार.
तक्ता बघून म्हणाली, वीस मिनिटं चुकली,
आणि काका, रीत लिहायची असते.
रीत?
आमचे बाबा बोटांवर मोजायचे.

"माणूस पाण्यात पडला तर?"
ज्या बाजूला पडला त्याच बाजूला वळवायची,
म्हणजे पंखा त्याच्यापासून लांब जातो.
"बरोबर." तिने पेन्सिलीने खूण केली.

हे मला अकराव्या वर्षीच आलं होतं,
वाशीच्या पुलाखाली, जोराच्या ओहोटीत,
तिचा बाप उजवीकडून गेला तेव्हा.
त्याने तिला सांगितलेलं दिसत नाही.
तो आता घणसोलीत एसी दुरुस्त करतो,
होडीत पाय ठेवत नाही.

मी चष्मा पुसत बसलो.
अंधारात एक बार्ज चालला होता,
नुसताच हिरवा दिवा.
"उजवं अंग आपल्याकडे," चैताली म्हणाली,
पुस्तक मिटलेलंच होतं तिच्या मांडीवर.
अगं, परीक्षा माझी आहे.